मास्तरचे पाय

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या तो शिवायचा. स्वतः चौथीत दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा बसला तो थेट आमच्या बाबांच्या शिलाई मशीनवर.

बाबाही शिंपीच. कोटाच्या कॉलरवर शिलाई चालू असताना त्यांचं डोकं मशीनवर टेकलं ते टेकलंच. केससुद्धा पिकले नव्हते. हार्ट, म्हणाले लोक. ती मशीन मास्तरकडे आली. पायाने चालवायची, जुनी, जड. आजूबाजूच्यांनी विजेच्या मशिनी घेतल्या, पण हा म्हणायचा, "मोटार बिनडोक असते, ताई. कापड कुठे जाड, कुठे पातळ, ते पायाला कळतं." खोटं नव्हतं ते. नवरा गेल्यापासून मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. भाजी चिरता चिरता नुसत्या आवाजावरून मला समजायचं, आता खिसा चाललाय, आता बाही.

गिऱ्हाईकाचं पोट सुटलेलं असलं तर हा माप मोठ्याने वाचायचा नाही. कमरेच्या शिवणीत आतून जास्तीचं कापड सोडायचा, आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. वर गिऱ्हाईकालाच समजवायचा, "कापड आटतं हो साहेब, तुम्ही आहात तसेच आहात." जगाची मापं घेतली त्याने. स्वतःचं माप मात्र कुणाला घेऊ देईल तर शपथ.

त्याच्या पापण्यांवर पिवळट चट्टे आले होते. भावजयीला वाटलं, खुणा करायच्या खडूची भुकटी चिकटलीय. पदराने पुसायला गेली, तर निघेनात. मग त्याला ओढत दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण भावजय एकटी त्याला पुरी पडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पापण्या बघितल्या, बाबांचं विचारलं, रक्त तपासलं. रक्तात चरबी फार निघाली. मास्तर वाळलेल्या काडीसारखा, त्याला ते पटेना. "बाई, माझ्या अंगावर चरबी कुठाय? हिच्या अंगावर बघा," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, "काही घरांत ती रक्तातूनच येते, माणूस बारीक असला तरी. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस हृदयाची नाही तर मेंदूची नस बंद करते. ही गोळी रोज घ्यायची. रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद करायची नाही, चांगला येईल तो गोळीमुळेच. तळलेलं कमी करा. आणि हातपाय फार दुखायला लागले, लघवी चहासारखी झाली, तर लगेच मला सांगा. आपल्या मनाने काही करू नका."

मास्तरने मान डोलावली. गिऱ्हाईक 'उद्याच पाहिजे' म्हणालं की तो जशी डोलवायचा, अगदी तशी.

भावजयीने गोळी आपल्या हातात घेतली. संध्याकाळचं जेवण झालं की एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "घ्या." तो तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, दुकानात जाऊन बसायचा. पुढच्या तपासणीत चरबी उतरली. भावजयीचा चेहरा असा फुलला, जणू तिनेच ती उपसून काढली.

मग शाळा उघडायचे दिवस आले. दुकानात निळ्या कापडाचे गठ्ठे छताला टेकले. आणि मास्तरचे पाय दुखायला लागले. पोटऱ्या, मांड्या. मशीनवरून उठताना टेबलाची कड धरून उठायचा. मला वाटलं, वय झालं. त्याला वाटलं, मशीन जड झाली. पायडल खोललं, तेल घातलं, पट्टा बदलला. मशीन पाण्यासारखी चालायला लागली, पाय तसेच.

शिंप्यांची एक रीत असते. मशीन बिघडली, की शेवटी जो भाग नवा बसवला तो आधी काढून बघायचा. सुई बदलली असेल तर सुई, दोरा बदलला असेल तर दोरा. मास्तरने तेच केलं. अंगात नवीन काय घातलं? गोळी. काढली. थोड्या दिवसांनी पाय मोकळे झाले, आणि मागच्या खोलीत मला पुन्हा तो जुना आवाज यायला लागला, भरधाव, न अडखळता. मी मनात म्हटलं, बरं झालं बाई.

रोग त्याने बरोबर ओळखला होता. गोळीनेच पाय धरले होते. फक्त काढलेल्या भागाच्या जागी दुसरा बसवावा लागतो, एवढं तो विसरला. मशीनच्या बाबतीत कधी विसरला नव्हता.

गोळी काढल्याचं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कुणालाच पत्ता नव्हता.

एका दुपारी आवाज थांबला. खिसा नाही, बाही नाही, मधेच. मी हाक मारली, "मास्तर, दोरा संपला का रे?" बाहेर येऊन बघते तो स्टुलावरून घसरून गठ्ठ्यांत पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, मला काहीतरी सांगतोय आणि शब्द लाळेसारखे गळतायत. मशीनवर एक निळी चड्डी होती. शिलाई सरळ सरळ गेली होती आणि मग हळूच कापडावरून खाली उतरली होती. त्याची वाकडी शिलाई मी पहिल्यांदा बघितली.

मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "चरबी पहिल्याएवढीच आहे. गोळी चालू होती ना?"

भावजय उसळली. "चालू होती म्हणजे? माझ्या हाताने देते रोज! एक दिवस चुकला असेल तर विचारा वन्संना!"

मी म्हटलं, हो, देते. मी पेला बघितला होता, पाणी बघितलं होतं. बाईंनी कागद मिटले, पण त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं. भावजय दिवसभर धुमसत राहिली. "मला खोटी पाडते."

गठ्ठे तसेच पडले होते आणि शाळा काही मास्तरसाठी थांबणार नव्हती. माझी भाची, मास्तरची एकुलती एक लेक, मशीनवर बसली. शर्टांना पांढरी बटणं लावायची म्हणून तिने पत्र्याचा डबा ओतला. एक उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, "आत्या, या बटणांना भोकं नाहीत."

त्या गोळ्या होत्या. गालात धरून आणलेल्या, म्हणून कडा विरघळून खडबडीत झालेल्या. फेकल्या का नाहीत, असं तुम्ही विचाराल. अहो, शिंपी बोटभर चिंधी फेकत नाही.

डबा भावजयीला दाखवायचा की नाही यावर आम्ही दोघी कुजबुजत होतो, तेवढ्यात ती मागे येऊन उभी. तिने एक गोळी उचलली, बोटांत फिरवली. मास्तरला घरी आणला त्या दिवशी डबा त्याच्या खाटेवर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "पाणी तरी कशाला प्यायलात?"

त्याने डावा हात डोळ्यांवर घेतला.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पाय दुखतात एवढंच सांगायचं होतं. कमी ताकदीची दिली असती. दुसरी दिली असती. एक सोसली नाही तरी दुसरी सोसते पुष्कळांना."

पाय वाचवायला गोळी सोडली आणि पायच गेला. हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

आता तो दुसरी गोळी घेतो. भावजय त्याचं तोंड उघडून बघते, जीभ वर, जीभ खाली, दोन्ही गाल. गिऱ्हाईक समोर असलं तरी. तो मुकाट्याने आ करतो. पूर्वीचा मास्तर असता तर पेला भिंतीवर गेला असता.

बाईंनी लेकीचंही रक्त तपासायला लावलं. बापाचंच माप निघालं. या वयात! तिलाही गोळी लागली. बाईंनी तिला वेगळं बजावलं, मूल व्हायचं मनात आलं की आधी येऊन विचारायचं, पोटुशीने ही गोळी घ्यायची नसते. लेक लाजली. भावजय तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. सासरे, नवरा, आणि आता पोर.

मशीन आता लेक चालवते. मास्तरची खाट आम्ही दुकानातच आणलीय. ती पायडल मारते तेव्हा पांघरुणाखाली त्याचा डावा पाय हलतो. उजवा पडून असतो.

परवा ती मशीनवरून उठली. टेबलाची कड धरून. मी शेंगा सोलत होते, माझ्या लक्षात आलं नाही. भावजय इस्त्री करत होती, तिच्याही नाही. मास्तरने डाव्या हाताने खाटेची पट्टी बडवायला सुरुवात केली.

"काय हवंय? पाणी?" भावजयीने विचारलं.

तो मान हलवत राहिला. लेकीच्या पायांकडे बोट. "पो... पोट..."

"पोट दुखतंय?"

"पोटऱ्या," लेकच म्हणाली, खाली बघत. "थोड्या दुखतात, आठवडाभर. अहो, काही नाही बाबा, काम जास्त आहे ना. मशीन जड चालतेय."

हे ऐकल्यावर तो असा काही ओरडला, की रस्त्यावरचं माणूस थांबलं. शब्द फुटेना. तोंड वाकडं, लाळ, डोळ्यांत पाणी. पट्टी बडवतोय, बडवतोय. आणि मग एक शब्द निघाला, धड, सरळ, त्याच्या जुन्या शिलाईसारखा.

"सांग."

भावजयीने इस्त्री बाजूला ठेवली, दवाखान्याचा नंबर लावला आणि फोन पोरीच्या कानाला धरला.