नकाशातली मासळी

माझी आई गळ वापरत नसे, जाळंही नाही. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहायची, वाकून दगडांच्या फटीत दोन्ही हात घालायची आणि डोळे मिटून घ्यायची. थोड्या वेळाने हात वर यायचा तो शिंगाळी घेऊनच. "डोल्यांचा काय काम?" म्हणायची. "मासली बोटांना दिसते."

वैतरणेकाठच्या आमच्या गावात आम्हाला शेत नव्हतं. आई दुसऱ्यांच्या कापणीला जायची. त्या घरातून मी बी.ए. झाले, भूगोल घेऊन, आणि भिवंडीत शिक्षिका झाले. हे मी आजही सांगते. का सांगू नये?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोन वेळा पोटातलं मूल गेलं होतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यापासून खाटेवरच राहायला सांगितलं. पायथ्याखाली विटा, उठायचं नाही, खिडकीपर्यंतसुद्धा जायचं नाही. खोली पहिल्या मजल्यावर, खाली पॉवरलूम. दोन्ही शिफ्टमध्ये खाटेचे पाय थरथरायचे. मी छताकडे बघत पडून राहायची आणि रडायची.

दसरा झाल्यावर आई आली. सोबत गाठोडं. त्यात तांदूळ, लाल मिरच्या आणि फडक्यात बांधलेलं मीठ.

"मीठ पण आणलंस, आये?"

"मंग? तुज्या घरचं कसं खाऊ? तुज्या मांडीवर पोर खेलू दे, मंग वाढ."

आमच्याकडे ही रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. मी चिडले. म्हटलं, "मी शिकलेली आहे, हे असलं मला सांगू नकोस."

"शिकलीस ना? मंग तुला म्हाईत असल, दोन डाव काय झालं ते."

ती माझ्यासाठी वरणभात, भाजी करायची आणि स्वतः कोपऱ्यात बसून कोरडा भात मिरची-मिठाशी खायची. एकदा म्हणाली, "मासली असती तर झाला असता. पानी कुनाच्या घरचा नसतो."

तेव्हा मी ठरवलं, आईसाठी पाणी शोधायचं. ह्यांनी शाळेतून तालुक्याचा नकाशा आणला. तो मी पोटावर पसरून निळ्या रेघांवरून बोट फिरवू लागले. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, मासे कुठे मिळतात?

आधी तिला कामवारी नदीवर पाठवलं. परत आली तेव्हा बोटं निळी झालेली. "बाय, ही नदी हाय का रंगाचा डबा?"

शेजारच्या जैनबचाची म्हणाल्या, "टेमघर में पाइप फूटी है, तालाब बन गया है, एकदम साफ पानी!" आई तिथेही गेली. "पानी गोरा हाय," ती आल्यावर म्हणाली, "पन बेडूकसुदिक न्हाय त्यात."

मग नकाशावर मला पडघ्याच्या पुढे एक जागा दिसली. दोन ओढे मिळत होते. तिथे दगड असणार, डोह असणार, हे मी खाटेवरून छातीठोक सांगितलं. आई सकाळच्या एस.टी.ने गेली. संध्याकाळी आली ती लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं आणि पळसाच्या पानात ओंजळभर मळे मासे.

"बाय! तुजी जागा बराबर निघाली गं!"

त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनंतर हसले. ह्यांना म्हणाले, "बघितलंत? भूगोल!"

मग ती आठवड्यातून तीनदा जाऊ लागली. आली की मी प्रश्न विचारायची. पाणी किती आहे? तळाला वाळू की चिखल? आई तांदूळ निवडता निवडता सांगायची. "आज एक वाम हातातून गेली. मोठ्या दगडाच्या पल्याड कपार हाय, तिथं ऱ्हाते ती." लूम खाली आदळत राहायचे, मी मात्र त्या डोहाकाठी असायची. सातवा महिना गेला, आठवा गेला.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी आई माझ्या घरच्या ताटावर जेवायला बसली. आधी बोटाने चिमूटभर मीठ चाखलं. "तुजा मीठ जरा जास्तीच खारा हाय," म्हणाली आणि डोळे पुसले.

लेक चार वर्षांची झाल्यावर मी तिला ती जागा दाखवायला नेली. भातकापणीचे दिवस. ओढ्यात नुसते धोंडे. इथे मासे धरायला एक म्हातारी यायची ना, असं विचारल्यावर शेजारच्या शेतातली बाई हसायला लागली.

"हितं? हितं पाऊस गेला का पानी न्हाय. मासे धरनारी म्हातारी म्हंता? ती तुमची आय? ती आमच्याकडं कापनीला यायची. मजुरीचा भात कातकरनीला देऊन मासली घ्यायची. जाताना हपशीवर लुगडा भिजवायची. आमी म्हनायचो, येडी हाय का ही?"

गावी जाऊन मी जाब विचारला. "आये, इतकं खोटं?"

"त्या कागदावर बोट फिरवायचीस तवा तुजा रडना थांबायचा," ती म्हणाली. "मासली काय, कुठं बी मिलते."

पुढे काही वर्षांनी तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी तिला भिवंडीला आणलं, त्याच खोलीत, त्याच खाटेवर. लूम खाली तसेच चालू. उघड्या दारातून जिन्याचा तुकडा दिसायचा, त्याकडे ती बघत राहायची. शेवटच्या आठवड्यात तर डोळेही मिटलेलेच असायचे.

एका दुपारी विचारलं, "बाय, कामवारीला पानी कसा हाय?"

मी रोज त्या नदीच्या पुलावरून शाळेत जात होते. पाणी कधी लाल, कधी निळं. मी मोरीत गेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजवली आणि खाटेपाशी येऊन बसले.

"चांगलं आहे, आये. आज मरळ हाताला लागली होती. निसटली."

तिची बोटं माझ्या साडीच्या ओल्या काठावर फिरली. जरा थांबली.

"केवढी?"

मी हात पसरले. तिने चाचपत माझा एक हात धरला, मग दुसरा, मधलं अंतर बोटांनी मापलं. डोळे उघडले नाहीत.

"थोडी बारकी कर," ती म्हणाली. "कुनी खरा मानायचा न्हाय."