कूलरचा मानकरी

दारव्ह्यात आमच्या शेजारी राहणारा हा गडी स्वतः कमालीचा संथ. पुढ्यातल्या चहावर साय धरेपर्यंत बोलत बसतो. स्कूटर इतकी हळू चालवतो, की गल्लीतली कुत्रीसुद्धा मागे धावायचा कंटाळा करतात. पण घरातल्या, हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलचा प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगानं चाललेला मात्र त्याला सोसत नाही. सेटिंगमध्ये शिरून तो वेग वाढवतो, आणखी वाढवतो. गेम खेळते बायको; हा शेजारी बसून नुसतं पडद्यावरचं तापमान बघतो.

"कंपनीनं याले बांधून ठेवलं, भाऊ. मी दावं सोडून राह्यलो," म्हणतो.

मे महिन्यात त्यांच्या घरचा कूलर कन्सोलकडे तोंड करून असतो. पाहुणे घाम पुसत बसतात.

परवा उन्हातून येताना त्यांच्या दारातच मला भोवळ आली. त्यानं मला खुर्चीत बसवलं, एक हात माझ्या कपाळावर ठेवला, दुसरा कन्सोलच्या पाठीवर, आणि बराच वेळ विचार केला.

"तुमीच जास्त तापले, भाऊ," म्हणाला आणि कूलर माझ्याकडे वळवला.

मला भरून आलं. डोळे उघडून पाहिलं, तर तो वर्तमानपत्रानं कन्सोलला वारा घालत होता.