मुंडावळ्या निघाल्या हेलसिंकीला

लेकीचं लग्न हेलसिंकीत, तेही रजिस्टर पद्धतीनं, आणि आमचा व्हिसा काही वेळेत आला नाही. मी मनाची कशीबशी समजूत घातली, पण एका गोष्टीवर अडून बसले: पोरीच्या कपाळाला मुंडावळ्या हव्यातच. लग्नात आई जवळ नाही, बाप जवळ नाही, निदान तेवढं तरी तिच्या अंगावर घरचं असू दे. कुरिअरवाला म्हणाला, वेळेत पोचेल याची खात्री नाही.

त्याच आठवड्यात समोरच्या भाभी लिस्बनला मुलाकडे निघाल्या होत्या. भाभी मूळच्या म्हसळ्याच्या; खारघरला आल्यापासून आमचं दारासमोर दार. मी पुडी त्यांच्या हातात दिली. "जाता जाता तेवढी हेलसिंकीला पोचवा." त्यांनीही "देते की" म्हणून ती पर्समध्ये टाकली. दोघींचा हिशेब एकच. युरोप तो युरोप, असेल बेलापूर-खारघर एवढं अंतर.

भाभींचं विमान उडालं आणि आमच्या ह्यांनी मोबाईलवर अंतर बघितलं. सव्वातीन हजार किलोमीटरच्या वर! थेट विमानालाही जवळजवळ पाच तास.

"मुंबईहून श्रीनगरला जाऊन परत ये, तेवढं होतं," हे म्हणाले. "तुम्हा दोघींच्या भूगोलाला साष्टांग नमस्कार."

मला असा संताप आला! पण चूक माझीच, भांडणार कुणाशी? स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, भाभी लिस्बनला पोचल्यावर, त्यांना फोन लावला.

"भाभी, राहू द्या. फार लांब आहे म्हणे."

"माहीत पडलं मला पन. पोरगा बोलला, अम्मी, पाच तास लागतात. मी बोलली, खारघरवरनं इथपर्यंत आली, तवा काय चालत आली? माझा व्हिसा तिकडं पन चालतो. तिकीट काढलंय."

"तुम्ही स्वतः जाणार?"

"मग काय! शाळा सुटली की पोरगी चावी घ्यायला माझ्याकडं यायची. आता तिच्या लग्नात तिच्या बाजूनं कोनीच नको?"



लग्नाच्या दिवशी मी पैठणी नेसले, ह्यांनी फेटा बांधला, आणि आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर जाड कोट घातलेल्या भाभी लेकीच्या डोक्यामागे गाठ मारत होत्या. "हलू नको गो," त्यांचा दम इथपर्यंत ऐकू आला. मुंडावळ्या जरा तिरक्याच बसल्या होत्या. मला त्याहून सुंदर नवरी कधी दिसली नाही.

अधिकारी बाईंनी साक्षीदारांना पुढे बोलावलं. लेकीनं भाभींचा हात धरून त्यांना टेबलाशी आणलं. बाईंनी इंग्रजीत विचारलं, या तुमच्या आई का?

"हो," लेक म्हणाली. "एक या. दुसरी तिथे, पडद्यावर."

मी दोन्ही हात वर करून ओरडले आणि मूठभर अक्षता लॅपटॉपवरच उधळल्या.