स्वप्नात जागी होऊन मी जावेशी भांडले

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "डाव्या बाजूला कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे फुफ्फुसात पडलेली पोकळी. टीबी झाला होता. वर्षभर तरी अमरावतीच्या दवाखान्यात राहावं लागणार होतं, आणि लहान मुलाला जवळ येऊ द्यायचं नव्हतं.

कुणाला वाटेल, मी मरणाला भ्याले असेन. छे! माझ्या मनात पहिलं नाव आलं ते सुमनचं. सुमन माझी धाकटी जाऊ. लग्नाला पाच वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. माझी मंदा अडीच वर्षांची. आता ती आयती सुमनच्या मांडीवर जाऊन बसणार, एवढंच मला दिसलं आणि मी पेटले.

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची, आम्ही अकोल्याला राहायचो तेव्हाची. आजाराबद्दल लोक लिहितात तेव्हा धीराचं लिहितात. मी जळण्याबद्दल लिहिते आहे. घर सोडून महिनोन्‌महिने खाटेवर पडावं लागलं, तर तुम्हीही जळाल. तेव्हा लाज वाटू देऊ नका.

दवाखान्यात रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई, सोबत गोळ्या. सकाळ-संध्याकाळ ताप आणि नाडी बघून खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायचे. दर महिन्याला स्प्युटम, म्हणजे थुंकीची तपासणी. ती निगेटिव्ह आली म्हणजे जंतू दिसले नाहीत. माझी मेली येतच नव्हती. दुपारी एक ते तीन सक्तीची विश्रांती. बोलायचं नाही, विणायचं नाही, वाचायचंही नाही.

मंदाचे बाबा दर पंधरवड्याच्या रविवारी एस.टी.ने यायचे. तिसऱ्या महिन्यात ते मोठ्या आनंदानं म्हणाले, की मंदा आता तुझ्यासाठी रडत नाही, सुमनजवळच झोपते. पुरुषाला कधी काय सांगावं ते कळत नाही! मी त्यांना बजावलं, माझ्यासमोर सुमनचं नाव काढायचं नाही. बिचारे त्यानंतर पाऊसपाण्याचं बोलायचे.

शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होती. नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातली, मोलमजुरी करणारी. आमचं घर सोवळंओवळं पाळणारं. घरी असते तर मी तिच्या हातचं पाणी घेतलं नसतं, हे लपवत नाही. पण अकोल्याहून निघण्याआधी पंधरा दिवस माझाच पेला आणि माझंच ताट घरच्यांनी वेगळं मांडलं होतं. मग मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? पहिल्याच दिवशी तिनं पाणी दिलं आणि मी प्याले.

या बाईचाही मला हेवा वाटायला लागला. दुपारी तीनला आम्ही सगळ्या आंबलेल्या तोंडानं उठायचो, आणि ही पोटभर जेवून उठल्यासारखी. एकदा मी विचारलंच. ती म्हणाली, घरी जाऊन आले. ती स्वप्नात जागी व्हायची. हे स्वप्न आहे असं आतल्या आत ओळखायची आणि मग मनाला येईल तिकडं जायची. त्यांच्या वस्तीत आलेल्या भन्तेजींनी, म्हणजे बौद्ध भिक्खूंनी, तिला श्वासावर लक्ष ठेवून बसायला शिकवलं होतं. स्वप्नाचं मात्र त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ते दोन वर्षं खाटेवर पडून तिला आपोआप साधलं होतं.

मी म्हटलं, मलाही शिकव. मंदाला भेटायची दुसरी वाट नव्हती.

तिनं शिकवलं ते असं. दिवसातून दहादा, थर्मामीटर तोंडात असताना, सुई टोचताना, स्वतःला विचारायचं, मी जागी आहे का? आणि खरंच तळहात बघायचा. स्वप्नात बोटं धड राहत नाहीत. पडल्या पडल्या नाकाशी श्वास येतो-जातो तो बघायचा, ओढायचा नाही. मी पहिल्या दिवशी ओढला आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. जाग आल्यावर डोळे न उघडता स्वप्न मनात परत म्हणायचं. राउंडवर मी डॉक्टरांना विचारलं, हे केलं तर चालेल का. ते हसले. "स्वप्नात कुठंही हिंडा, खाटेवरून मात्र उठू नका."

दोन महिने काहीच झालं नाही. मग एका दुपारी मी अकोल्याच्या टांग्यात बसले होते, हात बघितला तर सहा बोटं. अगंबाई, हे स्वप्न आहे! एवढा हर्ष झाला की लगेच जाग आली.

पुढच्या खेपेला घरापर्यंत पोचले. सुमन मांडीवर मंदाला घेऊन वरणभात भरवत होती. मी धावत जाऊन पोर हिसकावली. स्वप्न मोडलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा जमलं तेव्हा तेव्हा हेच. कधी मी सुमनला ढकललं, एकदा तर तिची वेणी धरली. खोटं कशाला सांगू, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण मंदा एकदाही हाती लागली नाही.

तक्त्यावर दुपारची नाडी एकशे दहाच्या वर जायला लागली. डॉक्टर चिडले. "विश्रांतीनंतर नाडी वाढते कशी? तुम्ही झोपता की मारामारी करता?" असंच चाललं तर सुटीचं नाव काढू नका, म्हणाले.

मी शेवंताबाईला सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "तू लेकीले भेटाले जाऊन राह्यली का जावेशी भांडाले? कोनाले हात नोको लावू. एकडाव नुसती उभी राह्य."

मला राग आला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण पुढचं स्वप्न जमलं तेव्हा घराच्या उंबऱ्याशी नुसती उभी राहिले. सुमन भरवत होती. छातीत जाळ उठला. तो जाळ मी श्वासासारखाच बघितला, येऊ दिला. स्वप्न टिकलं. मग पहिल्यांदा मंदाकडे नीट लक्ष गेलं.

ती अडीच वर्षांचीच होती. तेच कापलेले केस, तेच बारकं झबलं. मला येऊन तेव्हा दहा महिने झाले होते. पोर वाढली असणार, आणि ती कशी दिसते हे माझ्या स्वप्नाला ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त सुमनला.

उठून मी पोटभर रडले. पुढच्या रविवारी यांना म्हटलं, सुमनला विचारून या, पोर केवढी झाली. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं मंदाला भिंतीशी उभं करून सुतळीनं मापलं आणि तेवढी सुतळी कापून पाठवली. मी ती खाटेवर पसरली. माझ्या अंदाजापेक्षा चांगली चार बोटं जास्त भरली. सुमनवर तेव्हाही जळले, पण सुतळी उशाखाली ठेवली. मग दर महिन्याला नवी येत गेली.

स्वप्नांनी फुफ्फुस भरत नाही, ते सुयांनी आणि गोळ्यांनीच भरलं. नाडी मात्र उतरली. शेवंताबाई माझ्याआधी घरी गेली, तेव्हा मी तिच्यावरही जळलेच. तिनं नुसतं माझ्या तळहाताकडे बोट दाखवलं आणि गेली. तिचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. चौदाव्या महिन्यात, ओळीनं तीन तपासण्या निगेटिव्ह आल्यावर, डॉक्टर म्हणाले, "आता मुलीला जवळ घ्या."

घ्या म्हणे! मंदा सुमनच्या पदराआड लपली. सुमनला आई म्हणायची आणि मला अमरावतीची आई. सुमन तिला पुढं ढकलायची, "तुही आई हाय ते, जाय." ती जायची नाही. मी ओढलं नाही. रोज जळायचे, रोज ते बघायचे आणि कामाला लागायचे.

दोन महिन्यांनी एका सकाळी मंदा अंगणात पडली, गुडघा फुटला. सुमन चुलीपाशी कणीक मळत होती, मी तुळशीजवळ. पोर रडत उठली आणि जवळ होते म्हणून असेल, माझ्या गळ्यात पडली.

सुमन पिठाच्या हातांनी उठून दारापर्यंत आली होती. तिथंच थांबली. तिचा चेहरा मी बघितला. चौदा महिने त्या खाटेवर माझा जो झाला असेल, तोच होता.

मंदाला मी सोडलं नाही, तेवढी मी थोर नव्हते. पण म्हटलं, "सुमन, पानी आन. तुह्या हातानं तिले कमी झोंबते."

तिनं तांब्या आणला. मंदा माझ्या मांडीवर बसून राहिली आणि गुडघा सुमननं धुतला.