पेट्रोलचा वास

कोडोलीच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मला ती मोटारसायकल मिळाली. वैरणीच्या पेंढ्यांखाली निम्मी गाडलेली होती. लहानशी टू-स्ट्रोक गाडी, आताच्या गाड्यांशेजारी उभी केली तर दणकट सायकलच वाटावी अशी. शेतकऱ्याच्या वडिलांची होती. "न्ह्या की पावणं, हितं नुसती जागा आडवून बसलीया," तो म्हणाला. टेम्पोत घालून मी ती मंगळवार पेठेत घरी आणली.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, त्यानंतर हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून हा नाद. आमच्या घरात जिन्याखाली मोकळी जागा आहे, तिथं गाडी उभी केली. त्या जागेला लागूनच बाथरूम आणि बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गिझर. बायको तेव्हाच म्हणाली होती, "अहो, अंगणात ठेवा की." मी म्हटलं, धूळ बसते.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी पूर्ण खोलली. नट, बोल्ट, वायसर प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून प्रत्येकीत चिठ्ठी टाकली. एकदा बायकोला हाक मारून सांगितलं, कार्बोरेटरची पिशवी दे. तिनं चार पिशव्या उजेडात धरून बघितल्या. "काय लिहिलंय हे? मुंगी चालल्यासारखं. फळ्यावर पण असंच लिहिता काय?" मी उठून स्वतःच शोधली. अक्षर बारीक आलं होतं खरं, आणि ओळीच्या शेवटाला आणखी बारीक होत गेलं होतं. चिठ्ठ्याच लहान होत्या, असं मी मनाशी म्हटलं. त्याच दिवसांत उजव्या हातानं बारीक स्क्रू फिरवताना बोटं अडल्यासारखी व्हायची. तेही थंडीवर ढकललं.

टाकी आतून पार गंजली होती. पेठेतच एक म्हातारे मिस्त्री आहेत, आयुष्य जुन्या गाड्यांत गेलेलं. त्यांनी टाकीत बोट घालून पाहिलं. "मास्तर, ह्या गंजानंच टाकी धरून ठेवलीया. लई घासू नगा." मी घासली. आत बारीक खडी आणि डिझेल घालून तीन दिवस हलवत बसलो. तपकिरी चिखल निघत राहिला, शेवटी आत पत्रा चकाकला आणि मी खूश झालो.

डिसेंबरात एका रविवारी गाडी सुरू झाली. अकराव्या किकला. बोळात निळा धूर झाला, शेजारीपाजारी बाहेर आले. "व्वा, काय वास हाय! आमच्या आण्णांच्या गाडीला असाच यायचा," शेजारचे एकजण म्हणाले. सगळे हसत होते, नाकाशी हात हलवत होते. मीही मान डोलावली. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण वास मला आला नव्हता. गर्दीत, आनंदात तेवढं लक्षात राहिलं नाही.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय घरात."

मी जाऊन टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकला हात लावला. कोरडा होता. "नाही येत."

"येतोय की हो! मला डोकं धरल्यासारखं झालंय."

"गाडी घरात आहे म्हटल्यावर थोडा येणारच."

एकदा नाही म्हणायचं, एकदा थोडा येणारच म्हणायचं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तिनं पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मी चिडलो. तुला ती गाडीच नको आहे, असंही म्हणालो.

त्यानंतरच्या एका सकाळी मी जिन्याशेजारी खुर्चीत चहा पीत बसलो होतो. ती टॉवेल घेऊन अंघोळीला निघाली. बाथरूमच्या दारात थबकली. नळाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. आमच्या गिझरला नळ सोडला की आपोआप ठिणगी पडते.

"उठा," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "बाहेर व्हा आधी. कशाला हात लावू नका."

"काय झालं?"

"उठा म्हणते ना!"

तिनं सिलिंडर बंद केला, पुढचं-मागचं दार सताड उघडलं, मला दंडाला धरून बोळात आणलं. दारातून मी आत बघितलं तेव्हा दिसलं. टाकीच्या बुडाच्या सांध्यातून थेंब गळत होता आणि फरशीवरून एक ओला पट्टा बाथरूमच्या उंबऱ्याखाली गेला होता. माझी खुर्ची त्या पट्ट्यापासून दोन हातांवर होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो.

बायको माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला खरंच वास आला नाही?"

"नाही."

"आत्ता?"

मी पुन्हा दारापर्यंत गेलो, वाकलो, जोरात श्वास ओढला. काही नाही. गार हवा आत गेली, बस्स.

मिस्त्री टाकी घेऊन गेले, सांधा काढून नवा पत्रा लावला. मला बायकोनं डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली लवंग धरली, मग कापूर, मग कॉफी. मी तिन्हींना नाही म्हणालो. कधीपासून, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. शेवटचा वास कुठला घेतला तेच आठवेना. सर्दी, ताप, डोक्याला मार, सगळं विचारून झालं. मग ते म्हणाले, "जरा व्हरांड्यात चालून दाखवा." नाकाचा आणि चालण्याचा काय संबंध, असं वाटलं, पण चाललो. मग अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली. डावी आपटली. उजवी चार-पाच वेळा झाली आणि मंदावली.

"चालताना तुमचा उजवा हात हलत नाही," ते म्हणाले. "कधी लक्षात आलं होतं?"

"माझ्या आलं होतं," बायको म्हणाली. "वर्ष झालं. मला वाटलं, ह्यांची सवयच."

त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. घाबरू नका, आधी तपासण्या होऊ द्या, असं सांगितलं. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता गाडी अंगणात असते. किक मारण्याआधी बायको टाकीजवळ वाकून वास घेते आणि "जावा आता" म्हणते. मोठ्या डॉक्टरांची तारीख पुढच्या सोमवारची आहे.

परवा दुपारी मी गगनबावड्याच्या रस्त्याला थोडं लांबवर गेलो. इंजिन सुरेख चालत होतं, उन्हात बरं वाटत होतं. पुढं उसाची ट्रॉली होती. ती एकाएकी थांबली. मी पुढचा ब्रेक दाबायला गेलो आणि उजव्या हाताची बोटं लिव्हरवर नुसतीच राहिली. दाबायचं आहे, हे मला कळत होतं. बोटांना कळायला वेळ लागला. पायाचा ब्रेक लागला म्हणून चाक ट्रॉलीपासून वीतभर अलीकडं थांबलं. लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी हेल्मेटला घासली.

ट्रॅक्टरवाला मागं वळून ओरडला, "वो पावणं, झोपलाय व्हय?"

मी हात वर केला, डावा. कडेला गाडी लावून बराच वेळ उभा राहिलो. उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली. मिटत होती, उघडत होती.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कशी चालली?"

"झकास," मी म्हणालो.