इराचा गुडघा आणि लिफ्टजवळचे गृहस्थ

आधीच सांगते, असले अनुभव मी वाचते ते खोट काढायला. माझी नोकरीच तशी आहे. दुबईतल्या एका इन्शुरन्स कंपनीत मी मेडिकल अप्रूव्हल्स बघते. रिपोर्ट नाही म्हणजे आजार नाही, हे रोज दहा जणांना फोनवर ऐकवते. तरीही हे लिहितेय, कारण चार महिने डोकं फिरलंय आणि घरात कुणी धड ऐकून घेत नाही.

आम्ही शारजाला राहतो, अल नहदात, सहाव्या मजल्यावर. लिफ्टपासून लांबलचक कॉरिडॉर, आणि शेवटचं दार आमचं.

माझे वडील, अप्पा, आजऱ्याकडच्या एका खेड्यात पन्नास वर्षं डॉक्टर होते. एक्स-रे काढायचा तर एसटीनं गडहिंग्लज गाठावं लागे, म्हणून सगळी भिस्त डोळ्यांवर. पेशंटला हात लावायच्या आधी ते त्याला अंगणाच्या टोकाला पाठवायचे. "आता माझ्याकडं चालत ये." मग परत एकदा. मग तिसऱ्यांदा. आई चिडायची, "अहो, ताप आलाय त्याला, चालवताय काय!" अप्पा ढिम्म. निम्मं दुखणं चालण्यात दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. फ्लॅटमध्ये काही जीव रमेना. मग प्लास्टिकची खुर्ची घेऊन लिफ्टजवळ बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जरा इधर से चल के दिखाओ" म्हणायचे. दोन महिन्यांत गावी परत गेले, आणि गेल्या वर्षी तिथेच वारले.

आता मुद्द्याचं. यंदा शाळा सुरू झाल्यापासून माझ्या मुलीचा, इराचा, गुडघा दुखायला लागला. बारा वर्षांची आहे. आधी खेळताना दुखायचा, मग जिन्यात, मग साधं चालतानाही लंगडायला लागली. पहिले डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. दुसऱ्यांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला... नॉर्मल. तिसऱ्यांनी एमआरआय सांगितला. मी ऑफिसात सगळ्यांच्या मागे लागून अप्रूव्हल मिळवलं, स्वतःवर खूश झाले — आणि गुडघ्याचा एमआरआयसुद्धा नॉर्मल! मग फिजिओ. पोरगी रडत व्यायाम करायची आणि मी तिच्यावरच खेकसायचे, "नाटकं करतेस का?" आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या बुधवारी मी घरून काम करत होते. दुपारी साडेतीनला बेल वाजली. दारात इरा, आणि तिचं दप्तर घेऊन नसरीन आपा. या हैदराबादच्या, समोरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा येऊन दोनच महिने झाले होते. घरी शिवणकाम करतात.

"बुरा नक्को मानो," त्या म्हणाल्या. "वो लिफ्ट के पास बड़े मियाँ बैठे थे ना, बोले, बच्ची का घुटना नईं, कूल्हा दिखाओ. आज के आज. और चलने मत दो बोले."

"कौन बड़े मियाँ?"

"सफेद शर्ट. दोनों हाथ बगल में दबा के बैठते. कल हम को भी बोले, जरा इधर से चल के दिखाओ."

गार हात लागून पेशंट दचकू नये म्हणून अप्पा तपासण्याआधी हात काखेत धरून ऊब आणायचे. मी धावत लिफ्टपाशी गेले. कुणी नाही. खुर्चीही नाही.

"इरा, कोण बसलं होतं तिथे?"

"नोबडी, मम्मा! आंटी जस्ट स्टॉप्ड देअर. आय थॉट शी वॉज ऑन द फोन."

मला भीतीच्या आधी संताप आला. ही कसली थट्टा? पण इराला उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलमधला डॉक्टर म्हणाला, "मॅडम, कम्प्लेंट गुडघ्याची आहे, मग हिपचा एक्स-रे कशासाठी?" हेच वाक्य मी रोज लोकांच्या तोंडावर फेकते! मी भांडले, आवाज चढवला, रडलेसुद्धा. शेवटी वैतागून त्यानं काढला. फिल्म बघितली आणि इराला लगेच स्ट्रेचरवर झोपवायला सांगितलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक खुब्यात जागेवरून सरकलं होतं. या वयात होतं म्हणे असं, आणि दुखतो मात्र गुडघा. अशीच चालत राहिली असती तर खुबा कायमचा गेला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं, स्क्रू घातला.

नवरा म्हणतो, अप्पांबद्दल नसरीन आपांना कुणीतरी सांगितलं असेल. बरं, सांगितलं असेल! पण तीन डॉक्टरांना न दिसलेला खुबा शिवणकाम करणाऱ्या बाईला कुणी दाखवला? वॉचमनला विचारलं, तर कॅमेरा फक्त लिफ्टच्या आत. सगळीकडे डोकं आपटून झालं.

शेवटी मी परत नसरीन आपांकडे गेले. आणखी काय म्हणाले ते? त्या आधी टाळाटाळ करत होत्या.

"हम बोले, आप खुद जा के बोलो ना, आखरी दरवाजा है. तो बोले, नईं... बेटी ने मना किया है."

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. अप्पा इथे होते तेव्हा, ते लिफ्टजवळ लोकांना तपासतात अशी बिल्डिंगच्या ऑफिसातून तक्रार आली, त्या दिवशी मी घरी येऊन दार लावलं आणि अप्पांना म्हणाले, "खलास आता! इथे लायसन्स लागतं. तुमची डॉक्टरकी गावात संपली. यापुढे माझ्या घरात कुणाला तपासायचं नाही." ते जेवायला बसले, आणि जेवताना म्हणाले, तिकीट काढ.

इरा आता कुबड्यांशिवाय चालते. एक्स्प्लनेशन माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी खोट काढायला बसलेच आहे. मला भीतीबीती वाटत नाही. राग येतो. नातीसाठी इतक्या लांब आलात, शेजारणीशी बोललात आणि माझ्या दाराशी येऊन थांबलात. मी चिडून बोलले होते हो... मेल्यावरसुद्धा ते पाळायचं असतं का, अप्पा?