घरी परतणारा गोळा

साताऱ्याहून नाशिकला लेकीकडे जाताना मी पिशवी उचलली ती इस्त्रीला द्यायच्या कपड्यांची. गुळाच्या पोळ्यांची पिशवी तिच्याच शेजारी दाराला टांगलेली राहिली. हे कळलं नाशिकच्या स्टँडवर, मुक्ताने पिशवी उघडल्यावर.

"बाबा, इस्त्री करून देऊ का?" ती हसली. मग आईची सुती साडी काढून तिने क्षणभर नाकाशी धरली. मी घाईघाईने रिक्षा शोधू लागलो.

वाटेत तिने मिसळ खाऊ घातली. काळ्या मसाल्याच्या रश्श्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजची चाचणी फसली, तर मी साताऱ्याला परत येते," ती म्हणाली.

हे तिच्या आईला फोनवर आधीच कळलं होतं. मी निघताना ती देवापाशी काय मागत होती, ते मी विचारलं नव्हतं.

मुक्ताचं ऑफिस देवळालीच्या रस्त्यावर, दोन खोल्यांचं. तोफखान्याच्या सरावासाठी तिथे संगणकावर लुटुपुटीची लढाई उभी करतात. तोफ, गोळा, वारा, प्रत्येकाचा एक 'क्लास' (म्हणजे साचा, एकदा केला की पुढच्या कामातही वापरायचा). तपासायला निवृत्त सुभेदार निकम बसले होते.

मुक्ताने तोफ डागली. गोळा डोंगरापर्यंत गेला, जरा डोलला, एक हिसका खाल्ला आणि हळूहळू मागे येऊन तोफेत बसला.

"मॅडम," सुभेदार म्हणाले, "आमचे गोळे घरी येत नव्हते. आले असते, तर आम्ही घरी आलो नसतो."

पुन्हा डागली, पुन्हा तेच. मुक्ता ओठ चावू लागली; लहानपणी गणित चुकलं की चावायची, तशी. संगणक बंद कसा करायचा, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. पण ती ढील आणि तो हिसका मला पाठ होता.

"मुक्ते, हा तुझा पतंग आहे गं!"

कॉलेजात असताना तिने माझ्यासाठी संगणकावर पतंगाचा खेळ केला होता. मांजा गुंडाळला की पतंग हातात यायचा. ते जुने साचे तिने इथेही वापरले होते, आणि काल आवराआवर करताना गोळ्याला पतंगाच्या साच्याशी जोडून बसली होती. तिने तो सोडवला. आता गोळा गेला तो डोंगरावरच फुटला.

"दाखवा आता साहेबांना," सुभेदार म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कुठल्या रेजिमेंटचे?"

"पोस्टातला," मी म्हणालो.

परतीच्या बसमधून पांडवलेण्यांचा डोंगर दिसेनासा होईपर्यंत मी फार खुशीत होतो. मग एकदम घर आठवलं.

घरी आल्यावर हिने पिशवी उघडली. माझे शर्ट कडक इस्त्रीचे.

"साडी?"

"तिने ठेवून घेतली." मग मी सगळी हकीकत सांगितली, पतंगासकट.

ही कितीतरी वेळ घड्या घातलेल्या शर्टांच्याच पुन्हा घड्या घालत राहिली.

"ओळखलं होतंत, तर गप्प बसता आलं नाही?" मग नाक ओढून म्हणाली, "बरं केलंत. पुढच्या वेळी पोळ्या तेवढ्या न्या."